बाबांच्या पेशींचा घसा बसलाय

५ सप्टेंबर
अतिदक्षता विभागात सोडलं नाही! एकला दार उघडतात, दीडला बंद. ट्रक बोटीवर चढवायचं काम अर्ध्यात टाकून बंदरावरून धावत आलो, तरी एक पस्तीस झालेच. दारावर लाथ घातली. सिस्टर शांतपणे म्हणाली, "दाराला मारून वडील बरे होणार असतील तर आणखी एक मार."

बाबांचं पित्ताशय फुटलंय. दोन दिवस पोट धरून बस चालवली त्यांनी, पात्रा ते अथेन्स आणि परत. आईला म्हणाले, वांगी बाधली. आता जंतू रक्तात उतरलेत. सेप्सिस. हा शब्द मला माहीत आहे, धडा माहीत नाही. तो धडा यायच्या आत कॉलेज सोडलं.

६ सप्टेंबर
मिर्सिनी! इथे! पांढरा कोट, हातात नळ्यांची पेटी, जिन्यावर समोरासमोर.

याच मुलीला प्रात्यक्षिकाच्या तासाला सर सगळ्यांसमोर "मठ्ठ" म्हणाले आणि मी त्यांच्या टेबलावरचा ट्रे भिंतीवर भिरकावला. त्याच दिवशी कॉलेज सुटलं माझं. तिनं आभार मानायचे, तर म्हणाली, "मी मागितली होती का तुझी मदत?" त्यानंतर दोन वर्षं बोलली नाही.

आज म्हणाली, "नऊ नंबरच्या खाटेवरचे तुझे बाबा? खाली बस आधी."

बसलो. तिनं सांगितलं असतं तर समुद्रातही बसलो असतो.

८ सप्टेंबर
ती अशाच रुग्णांच्या रक्तावर काम करते. कॉफीच्या कागदी पेल्यावर पेनानं पेशी काढून दाखवल्या.

"पहिले दोन दिवस तुझ्या बाबांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशींनी एवढा आरडाओरडा केला की सगळं अंग पेटलं. आता त्यांचा घसा बसलाय. जंतू आला तर गिळतातही. पण त्याचा तुकडा वर धरून बाकीच्यांना दाखवायचा असतो, हा बघा चोर! ते करत नाहीत. निरोप पुढे जातच नाही."

"मेल्या?"

"नाही रे. गप्प झाल्यात."

एकेका पेशीवर असे वर धरलेले झेंडे ती मोजते. पंधरा हजार तरी हवेत. बाबांचे चार हजार.

"अशा वेळी एखादा फालतू जंतू, ज्यानं तुला शिंकही येणार नाही, तो सुद्धा..." पेला मी घरी आणलाय.

९ सप्टेंबर
आज मी पंधरा मिनिटं, नंतर आई पंधरा मिनिटं. एकेकालाच सोडतात.

सकाळी बाबांच्या बाल्कनीत गेलो होतो. तुळशी सुकायला लागल्यात. ते कधी झाडाला नाक लावत नाहीत. पानांवरून तळहात फिरवतात आणि तळहाताचा वास घेतात. मी एक छोटं रोप उपटलं. मुळासकट, म्हणजे टवटवीत राहील. बाहीत लपवलं. दारात हात तीनदा धुतले, अगदी कोपरापर्यंत!

त्यांचा तळहात पानांवरून फिरवला. मग नाकाशी नेला. तोंडात नळी, डोळे मिटलेले. पण बोट हललं! शपथ, हललं! रोप त्यांच्या मुठीत ठेवून आलो.

आमचं शेवटचं बोलणं जूनमधलं. "अर्धवट शास्त्रज्ञ," ते म्हणाले. "तुमच्या बसपेक्षा बरा," मी म्हणालो.

११ सप्टेंबर
तीन हजार आठशे.

१४ सप्टेंबर
क्रुसाचा सण, चर्चमध्ये तुळस वाटतात. आई उपाशी, चर्चमधून सरळ इकडे आली. हातात पाद्रीबाबांनी दिलेली तुळशीची काडी. मी म्हटलं, "आई, हे देवाचं दुकान आत नको!" लोक बघायला लागले. ती म्हणाली, "हळू बोल, आत बाबा झोपलेत." आणि दाराकडे गेली.

मिर्सिनीनं निळा स्वेटर घातला होता. बाप आत मरणाच्या दारात आणि मी स्वेटर लिहितोय.

१९ सप्टेंबर
पुन्हा ताप. छातीच्या फोटोत उजव्या फुप्फुसावर डाग.

२० सप्टेंबर
बुरशी आहे. मातीत, कुजक्या पानांत असते तसली. डॉक्टर डुका बाईंनी आम्हा दोघांना बोलावलं. "रागावत नाहीये, पण खरं सांगा. आत झाड, फूल, माती असलं काही नेलं होतं?"

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी उठलो. आईकडे बोट! "हिनं! चर्चमधली तुळस! मी नको म्हणत होतो!"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "हो. मीच."

२१ सप्टेंबर
आई आत गेली नाही. बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली. "माझा वेळही तूच घे, स्ताथी."

अर्धा तास बाबांपाशी उभा होतो.

२२ सप्टेंबर
९ तारखेचं पान उघडून वाचलं. मुळासकट. माझ्याच अक्षरात.

खरं तर वाचायची गरज नव्हती. बोट दाखवलं तेव्हाही माहीत होतं. पान फाडायला घेतलं, वरचा कोपरा फाटलाय.

२३ सप्टेंबर
मिर्सिनीला सांगितलं. मुठी आवळून ऐकून घेईन असं ठरवलं होतं. तिनं फक्त विचारलं, "मातीसकट?"

"हो."

"आणि पेल्यावर मी तुला चित्रं काढून दाखवली, त्याच्या दुसऱ्या दिवशी?"

"हो."

कॉफी तशीच ठेवून उठली. "मला कशाला सांगतोस? मी काय पाद्री आहे? डॉक्टरांना सांग. आत्ता."

गेलो. डुका बाई म्हणाल्या, बुरशी हवेतूनही येते, नेमकी कशानं आली हे आता कुणीच सांगू शकणार नाही. औषध तेच राहील. पेशींना जागं करायचं इंजेक्शनही कालपासून सुरू केलंय, गुण येईलच असं नाही. मी त्यांच्या तोंडून शिव्या ऐकायला गेलो होतो. त्यांनी वहीत तारीख लिहून घेतली आणि म्हणाल्या, "आईंना आत पाठव. त्या का येत नाहीत?"

आईला अजून सांगितलेलं नाही. ती बाकावर चीजचा पाव मोडून माझ्या हातात देते. मी खातो.

२६ सप्टेंबर
ताप उतरला. दुपारी मिर्सिनीचा निरोप: "नऊ हजार दोनशे! बोलायला लागल्यात." माझ्या डोळ्यांसमोर सगळं बंदर पुसट झालं. एका ट्रकवाल्यानं भोंगा वाजवून आईमाईवरून शिवी दिली. मी त्याला सलाम ठोकला.

खाली आणखी एक ओळ होती: "तू बोललास आईशी?"

२७ सप्टेंबर
बाकावर तिच्याशेजारी बसलो आणि सांगितलं.

"माहीत आहे," आई म्हणाली. "माझी काडी तर सिस्टरनं दारातच काढून घेतली होती. तुझं रोप नऊ तारखेलाच मी त्यांच्या मुठीतून काढलं. नखांत माती होती, ती पुसली."

"मग 'मीच' का म्हणालीस?"

"तू पळाला असतास. कॉलेजातून पळालास तसा. त्यांना जाग आली की आधी तुलाच शोधणार आहेत ते."

एक वाजला. दार उघडलं. आधी तिला पाठवलं.