बेरेझिनाकाठी मरण्याची तयारी

१३ सप्टेंबर, रविवार
नदीकाठी रिहर्सल, दहा ते दोन. नेपोलियनच्या बेरेझिनाच्या लढाईचा आमच्या क्लबचा वार्षिक खेळ दहा आठवड्यांवर. आम्ही फ्रेंच, म्हणजे हरणारे. सिमोन माझ्या शेजारी ढोल वाजवत होता. कॅप्टन विकेन्ती अदामाविच म्हणाले, कास्तुस, यंदा पुलापाशी पहिला तू मर. अकरा वर्षांत प्रथमच चांगलं मरण वाट्याला आलं.
संकल्प: आठ किलो कमी करणे. माघार घेणारं सैन्य उपाशी होतं.

१५ सप्टेंबर
सिमोनला पोलिसांनी कामावरून उचललं. रविवारी राजधानीतल्या मोर्चात होता म्हणे. रविवारी तो माझ्या शेजारी होता. चूक झाली आहे, दुरुस्त होईल.
संध्याकाळी त्याची बायको राईना आली. म्हणाली, तू साक्ष दे, बाकीचे दार उघडत नाहीत. म्हटलं, त्यात काय, उद्याच जातो ठाण्यात.
बटाट्याची धिरडी: नऊ. टेन्शन.

१६ सप्टेंबर
गेलो नाही. युनिफॉर्मची बटणं लावायची होती. अशा कामात घाई नको.

४ ऑक्टोबर, रविवार
स्वयंपाकघरात मरण्याची प्रॅक्टिस. तीन पावलं, गिरकी, पडणे. आवाज होतो म्हणून खालच्या मजल्यावरच्यांनी पाइप ठोकला. हान्ना म्हणाली, म्हणे उपाशी फ्रेंच. तुझ्यासारखे दहा असते तर पूलच मोडला असता. मग म्हणाली, ठाण्यात कधी जातोयस? बायकोला कितीदा सांगायचं. आधी कॅप्टनना विचारायला हवं.

११ ऑक्टोबर
विचारलं. कॅप्टन म्हणाले, कसली रिहर्सल? परमिशन फक्त लढाईची आहे. आपल्या बंदुकांचे परवाने पोलिसांच्याच टेबलावर पडलेत, बाबा. मला काही आठवत नाही, तूही आठवू नकोस.
त्यांचंही खरं आहे. तरी मी जाणार. सरळ कोर्टातच बोलेन. शांत, थोडक्यात. वाक्यं तयार आहेत.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
दहाला सिमोनची सुनावणी. साडेनऊला स्टॉपवर. बसला गर्दी होती, सोडली. पुढच्या बसमध्ये जागा होती. तीही सोडली.
त्याला दोन वर्षं कैद. राईनाने फोनवर सांगितलं. वीस मिनिटांत उरकलं म्हणाली. अपीलला दहा दिवस आहेत, लिहून देशील? म्हटलं, अर्थात. अपीलच महत्त्वाचं. तिथे साक्षीला वजन असतं.
माझं: तीन किलो जास्त.

१९ नोव्हेंबर
राईनाचा फोन. अंघोळीत होतो.
पुन्हा फोन. अंघोळीतच होतो.

२२ नोव्हेंबर, रविवार
लढाई. बर्फ. पुलापाशी तीन पावलं, गिरकी, पडलो. जमलं. प्रेक्षकांची दोरी हातभर अंतरावर. दोरीखाली राईनाचे बूट दिसले. ती वाकली. म्हणाली, कास्तुस, आज रविवार म्हणून अपीलला उद्या शेवटचा दिवस आहे. कागद आणलाय, पेन आणलंय. तो तुझ्या शेजारी होता, एवढंच लिही.
थोड्या वेळाने म्हणाली, निदान मान हलव.
मेलेल्याने बिगुल वाजेपर्यंत हलायचं नाही. क्लबचा पहिला नियम. मी हललो नाही. कुणी एक बाई तिला म्हणाली, अहो, त्यांना कशाला विचारता, ते मेलेत.
बिगुल वाजला तेव्हा बूट नव्हते. बाकीचे उठून कपडे झटकत होते. मी पडूनच होतो. कॅप्टन आले. म्हणाले, ऊठ, संपलं. आज तुझ्याइतकं चांगलं कुणी मेलं नाही.