एक डोळा दुधावर

आई, आधी नमस्कार घे, मग गाऱ्हाणं ऐक.

मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. धर्माच्या अभ्यासाच्या एम.ए.साठी दोन विद्यापीठांनी मला घेतलंय. शुक्रवारपर्यंत एकाला हो कळवायचंय, आणि माझ्या पायाला भिंगरी लागलीय. खोलीतल्या खोलीत एवढ्या फेऱ्या मारते की खालची शेजारीण छताला झाडू आपटते.

एकीकडे जुन्या पोथ्या वाचायच्या. दुसरीकडे लोकांच्या प्रार्थनेत मागे बसून टिपणं काढायची. काल या दुसऱ्या ठिकाणच्या प्राध्यापकबाईंनी, मला हे काम जमतंय का ते बघायला, एका प्रार्थनाघरात नेलं. पुढे एक आजोबा रडत होते. मी वही मिटली आणि त्यांच्यासारखीच डोळे मिटून बसले. बाहेर आल्यावर बाईंनी कोरं पान पाहिलं. म्हणाल्या, "अशी बसणार असशील, तर तुला पोथ्याच बऱ्या."

बाबांचा खोकला कसा आहे? तू काहीच लिहीत नाहीस, म्हणून विचारते.

तू देवापुढे बसतेस तेव्हा एक डोळा गॅसवरच्या दुधावर असतो. जप चुकत नाही, दूधही उतू जात नाही. हे कसं जमतं गं? तेवढं शिकवलंस, तर बाईंनाच हो कळवते.

एकदाच उतू गेलं होतं, मी इकडे निघाले त्या सकाळी. तेव्हा काय मागत होतीस?

तुझी,
धाकटी