तिसऱ्या हाकेचं पाणी

आई,

तुला वाचता येत नव्हतं. हैदराबादेच्या कॉलेजातून मी लिहायचो ती पत्रं तुला दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यावी लागायची, म्हणून त्यांत मी मनातलं कधी लिहिलंच नाही. आज लिहितो आहे. काल शाळा सुटल्यावर चर्चचे पाळकसाहेब आले. बगलेत मंडळीची जुनी नोंदवही होती. एक पान उघडून त्यांनी विचारलं, "मास्तर, हे अक्षर तुमचं ना?"

माझंच, तुझ्याविषयी लिहिलेलं. "मार्थाबाई. सार्वकालिक शिक्षेविषयी शंका. पश्चात्ताप नाही. प्रभुभोजन बंद."

वीस वर्षं मी रोजनिशी लिहितो. वर्गात एखाद्या पोरावर विनाकारण ओरडलो, तेही तिच्यात आहे. हे मात्र नाही. का नसावं?

ती नोंद झाली त्याच्या आधीच्या रविवारी तेव्हाच्या जुन्या पाळकांनी येशूने दिलेला श्रीमंत मनुष्याचा दाखला सांगितला होता. दारातल्या भिकाऱ्याकडे त्याने जन्मभर पाहिलं नाही. मेल्यावर तो आगीत पडला, आणि वर सुखात असलेल्या त्याच भिकाऱ्याकडून पाण्याचा एक थेंब मिळावा म्हणून विनवू लागला. मिळाला नाही. मध्ये मोठी दरी होती. पाळकांनी नेहमीसारखं विचारलं, "समजलं का?" मंडळी नेहमीसारखी "होय" म्हणाली. तू उभी राहिलीस.

"समजलं, साहेब. पर येक सांगा. तिथं येवढे देवदूत हायेत, येकालाबी तांब्या उचलू वाटंना का?"

बायका पदराआड हसल्या. तू थट्टा करत नव्हतीस, हे मला माहीत होतं.

"चाकूरकडं आमच्या गावात आमाला इहिरीला हात लावू देत नव्हते. घागर घिऊन बसायचं. वरच्या आळीची कुणी बाई आली, तिच्या मनात आलं, तर वतायची. लई उशीर व्हायचा. पर दुपारपस्तोर कुणीतरी यायचंच. तिथं कुणीच येत न्हाई? कवाच न्हाई?"

पुढच्या आठवड्यात तुला मंडळीच्या पंचांसमोर बोलावलं. पाळक म्हणाले, "देवावर शंका घेतलीत, त्याचा पश्चात्ताप होतो का?"

"देवावर कुठं घेतली? तुमच्या सांगण्यावर घेतली."

मी मंडळीचा चिटणीस. वही माझ्या मांडीवर. तुझं एवढं सगळं बोलणं, आणि मी लिहिलं, "पश्चात्ताप नाही." अर्धं पान कोरं होतं, आई. जागा नव्हती असंही म्हणता येत नाही. तहसील कचेरीतली कारकुनी सोडून मी मिशनच्या शाळेत लागलो होतो, ती नोकरी जाईल अशी भीती होती. पण खरं सांगू? कॉलेजात शिकूनही तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, आणि उत्तर नसलेला प्रश्न माझ्या अक्षरात मला नको होता.

तूसुद्धा आधी घरी मला का विचारलं नाहीस? सगळ्यांसमोर कशाला? हा राग मी बरीच वर्षं बाळगला. त्या संध्याकाळी तू भाकरी थापता थापता म्हणालीस, "काय लिव्हलंस रं, शिम्या?" मी म्हणालो, "तू म्हणालीस ते." तू मान हलवलीस आणि मला गरम भाकरी वाढलीस.

आणि मला तर सगळं माहीत होतं. पंचांसमोरच्या त्या दिवसाआधीच, त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, तू मिशनच्या दवाखान्यात कामाला असताना, एकदा घरी येऊन तूर निवडत बसली होतीस.

"आपल्या गावची पाटलीण आली हाय दवाखान्यात. तापानं फणफणलीय, मला वळकलं न्हाई. पाणी मागितलं. मी भांडी घाशीत राहिले. परत मागितलं. मनात म्हणलं, बस जरा, मी लई बसलेय. तिसऱ्या हाकेला उठले. घटाघटा पिली बिचारी, कुणाच्या हातचं ते बघितलंबी न्हाई."

मग तुझे हात सुपात तसेच थांबले. "दोन हाका थांबवलं मी तिला. ते माझं पाप हाय. तुझ्या रोजच्या वहीत लिही."

मी हसलो. "माझ्या वहीत माझी पापं मावत नाहीत," असं काहीतरी बोललो. पश्चात्ताप दुसरा कसा असतो, आई?

पाप नाहीच, न्याय नाहीच, असं तू कधी म्हणाली नाहीस. पाटलाने मामाला खांबाला बांधून मारलं होतं. तू म्हणायचीस, "त्याला कळलं पायजे. डोळ्यातून पाणी येस्तोर कळलं पायजे. पर कळल्यावर? कळल्यावरबी जाळीतच राहायचं व्हय?" त्यानंतर मी पुष्कळ वाचलं. दोन्ही बाजूंनी विद्वानांनी लिहिलं आहे. पण तुझ्या त्या 'कळल्यावर'पाशी येऊन मी दर वेळी थांबतो.

तुझ्या शेवटच्या दुखण्यात तू प्रभुभोजनाची भाकर मागितलीस. हे कालचे पाळकसाहेब तेव्हा नांदेडकडून नुकतेच बदलून आले होते. भाकर आणि प्याला पिशवीत घालून ते आपल्या उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी वही वाचली होती. मला विचारलं, "बाईंनी नंतर पश्चात्ताप केला का?" मी उंबऱ्याकडे बघत राहिलो. ते तसेच परत गेले. आतून तू हाक मारलीस, "कोण आलं व्हतं रं?" मी म्हणालो, "कुणी नाही."

काल ते का आले, सांगतो. मंडळीतल्या रूथची सासू बाप्तिस्मा न घेता वारली. रूथने त्यांना विचारलं, "आत्याबाई आता कुठं असतील?" ते म्हणाले, "मी दाखला सांगायला तोंड उघडलं, मास्तर, आणि तुमचा उंबरा आठवला. खरं काय म्हणाल्या होत्या बाई?"

मी सगळं सांगितलं. विहीर, तांब्या, पाटलीण, दोन हाका. त्यांनी वही मिटून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले, "मीही परत फिरलो होतो. या रविवारी तो दाखला तुम्ही सांगा. मी ऐकायला बसेन."

तर आई, रविवारी मी दाखला सांगेन आणि त्याच्यापुढे तुझा प्रश्न ठेवेन, जसाच्या तसा, तुझ्याच बोलीत. उत्तर जोडणार नाही. ते अजून माझ्याकडे नाही, पण आता त्याची लाज वाटत नाही. त्या अर्ध्या कोऱ्या पानावर लिहीन, "दोन हाका उशीर झाला, तिसरीला उठली. पश्चात्ताप आहे." खाली माझी सही करीन. मग उभा राहून माझं पाप सांगेन: वहीत तुझं अर्धंच लिहिलं, आणि उंबऱ्यावर तोंड उघडलं नाही. मंडळीने प्रभुभोजनाची भाकर दिली तर घेईन. थांबा म्हणाले, शाळा सोडा म्हणाले, तरी दाराशी बसून राहीन. बसायला मी आता भीत नाही. दुपारपर्यंत कुणीतरी येतंच, हे तूच सांगितलं आहेस.

दोन हाका चुकलेला तुझा,
शिम्या