चौथं फडकं

९ जानेवारी

हेड उचललं! गाडीचं. माझं डोकं जागेवर असतं तर हा उद्योग आरंभलाच नसता.

सायलेंसरमधून पांढरा धूर, ऑइलचा रंग दुधाळ चहासारखा — म्हणजे हेडखालचं, इंजिनाच्या त्या वरच्या झाकणाखालचं, गॅस्केट फाटलंय आणि पाणी ऑइलमध्ये शिरतंय. गॅरेजवाल्यानं नवं गॅस्केट हातात ठेवलं, दुकानाला कुलूप लावलं आणि बहिणीकडे निघून गेला. महिनाभर! "करा की घरीच, सोपं असतं." स्वतःला करायचं नसलं की सगळंच सोपं असतं.

लेकीला नववा लागलाय. बाळंतपणाला इथे आली आहे. टेकडीवर बर्फ पडला की रुग्णवाहिका वर चढत नाही. "पेशंटला तुम्हीच खाली इस्पितळात घेऊन या," म्हणतात. आणायचं कशात? याच गाडीत. आणि ती आत्ता शेडमध्ये पोट उघडं टाकून पडली आहे.

भोकांतून कचरा आत जाऊ नये म्हणून बायकोनं माझा जुना पायजमा फाडून फडकी दिली. कोंबली. माझे बरे लेख मी त्याच पायजम्यात लिहिलेत. साहित्याची इंजिनाला एवढीच मदत.

१० जानेवारी

थंडी! पाना हाताला चिकटतो. बोटं सोलली आहेत हे घरात शेगडीपाशी बसल्यावर कळतं.

११ जानेवारी

कुंपणावरून दुर्बीण डोकावली. दुर्बीण म्हणजे शेजारी. दिवसभर खिडकीत असतो म्हणून मीच ठेवलेलं नाव. गेल्या वर्षी साप्ताहिकातल्या सदरात त्याला असा रंगवला की गल्लीत लहान पोरंही त्याला त्याच नावानं ओळखायला लागली. तेव्हापासून बोलणं बंद, टोमणे चालू.

"काय लेखक, आता इंजिनाची टिंगल का?"

"इंजिन निदान स्वतःचं काम करतं," मी म्हटलं. गेला. त्याच्या दारात नवी कोरी गाडी उभी आहे.

बायको म्हणाली, "तोंड आवरलं असतंत तर आज हक्कानं मागता आली असती."

"मी त्याच्या दारात जाणार नाही."

"तुम्ही नका जाऊ. मी जाते."

"गेलीस तर बघ!" — बघ म्हणजे काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.

१३ जानेवारी

गॅस्केट बसवलं, हेड ठेवलं. बोल्ट मधून सुरू करायचे आणि आळीपाळीनं बाहेर जायचं, प्रत्येक थोडा थोडा आवळत. एकच एकदम आवळला की हेड वाकतं. एका बोल्टनं कर्र केलं. तुटला नाही.

लेक चहा घेऊन आली, स्टुलावर टेकली. "बाबा, होईल ना नीट?"

"न होऊन सांगते कोणाला?"

"मी गाडीचं विचारतेय."

"मीही गाडीचंच बोलतोय."

हसली. मी तोंड इंजिनात घातलं. डोळे दिसायला नको होते.

१४ जानेवारी

सुरू झाली!! आधी खोकली, मग लागली. धूर नाही. जावई फोनवर: "बाबा, लेखणी ठेवा, गॅरेज काढा!" दूर नोकरीवर बसून माणसाला फार उत्साह येतो.

संध्याकाळी —

बायको फडकी धुवायला टाकत होती. "तीनच आहेत हो."

"मग?"

"चार होती. मीच फाडली ना."

शेड, खिसे, हत्यारांची पेटी, कचऱ्याची बादली — सगळं उपसलं. नाही. चौथं कुठे कोंबलं होतं ते आठवलं. टायमिंग चेन, म्हणजे इंजिनातली साखळी, फिरते त्या पोकळीत. तिथून सुटलं तर सरळ खाली ऑइलच्या चेंबरमध्ये. फडकं तिथल्या जाळीला चिकटलं की ऑइल वर चढत नाही, आणि इंजिन चालता चालता जाम. आज होईल, उद्या होईल, कधीच होणार नाही. चेंबर काढायचं तर या गाडीचं अख्खं इंजिन उचलावं लागतं. ते इथे कोण उचलणार?

किंवा ते आत नसेलही. वाऱ्यानं गेलं असेल, कुत्र्यानं नेलं असेल. हेच तर वाईट आहे.

१५ जानेवारी

बायकोला म्हटलं, लेकीला सांगू नकोस. बरं म्हणाली. एका शब्दात माझं ऐकलं! त्यानं जास्त घाबरलो.

१६ जानेवारी

शेडचं दार सताड उघडं ठेवून इंजिन चालू केलं आणि ऐकत बसलो. इतकं गोड चालतंय की संशय येतो.

बायको: "जा ना त्यांच्याकडे. लेकीसाठी तरी."

गेलो. फाटकाला हातही लावला. खिडकीतला पडदा हलला. म्हणजे बघितलं त्यानं! फाटकावरचा बर्फ झटकल्यासारखं केलं आणि परत आलो. स्वतःचं फाटक सोडून दुसऱ्याचं झाडणारा माणूस. यावर सदर कोण लिहील?

१७ जानेवारी

बर्फ. नुसता बर्फ.

१९ जानेवारी

इस्पितळाच्या बाकावर लिहितोय.

दुपारी कळा सुरू झाल्या. बायकोनं लेकीला मागच्या सीटवर बसवलं, माझ्याकडे बघितलं, मग शेजारच्या घराकडे. त्याची गाडी दारातच होती. हाक मारायची, बस्स. मी किल्ली फिरवली.

उतारभर लेक कण्हत होती. "बाबा, रेडिओ लावा ना, लक्ष तरी दुसरीकडे जाईल."

"नको."

"लावा ना हो!"

"नको म्हटलं ना!" — ओरडलो तिच्यावर. कळा येत असलेल्या पोरीवर. मला इंजिन ऐकायचं होतं.

शेवटच्या वळणावर ऑइलचा लाल दिवा लागला. विझला. परत लागला, आणि राहिला. बायकोनं आरशात बघितलं, मी बघितलं. पाय उचलून गाडी उतारावर नुसती घरंगळू दिली. सपाटीला दिवा विझला. इस्पितळाच्या फाटकाशी पोचलो.

तिला आत नेलं. मी गाडीतच. स्टिअरिंगवरून बोटं सुटेनात.

२० जानेवारी

मुलगी! दोघी बऱ्या आहेत. बायको रडली. मी बाहेर जाऊन रडलो.

२२ जानेवारी

आज घरी सोडणार. जावई पोचला. "बाबांच्या गाडीनंच जायचं. तिनंच तर वेळेवर आणलं!"

बाळ माझ्या मांडीवर होतं. सांगून टाकलं सगळं — फडकं, दिवा, शेजाऱ्याचं फाटक. एकही विनोद सुचला नाही.

लेक खाटेवरून हळूहळू उतरली, आणि माझ्या मांडीवरून बाळ उचलून घेतलं.