यमूची जागा

सोमवार, ८ डिसेंबर २०२५
घटना क्रमानेच नोंदवते. प्रथम, मुरबाडची आंतरवासिता उत्कृष्ट शेऱ्यासह पूर्ण झाली. त्यानंतर शेणव्यापुढची ही पाड्यावरची शाळा मिळाली. आज सकाळी वाशिंदहून निघून परिपाठाआधी पोहोचले. मुलांनी रानफुले देऊन, 'सारिका बाई' अशी हाक मारून स्वागत केले. मन प्रसन्न झाले. चौथीचा वर्ग स्वच्छ, फळ्यावरचे अक्षर मात्र अक्षम्य. आणखी एक दोष: दुसऱ्या बसकरपट्टीवर मधोमध एका मुलाएवढी जागा रिकामी. सरकून बसायला सांगितले. कोणी हलले नाही. जिवली नावाची धीट मुलगी म्हणाली, ती यमूची जागा, "तिथं नाय बसायचा, बाई." बाकीची फिदीफिदी हसली. "नव्या बाईंना काय पण ठाव नाय!"

मंगळवार, ९
मुख्याध्यापक भगीरथ गुरुजींकडे खुलासा मागितला. दिवाळीनंतर पाड्यावरची घरे वीटभट्टीवर जातात. गेलेल्या मुलाची जागा सवंगडी राखतात आणि ते परतून स्वतःच तिथे बसते, असे ते म्हणाले. यमू कधी परतणार, असे विचारताच त्यांना खिचडीची आठवण झाली. ही लपवाछपवी मी ओळखते. शुक्रवारी माझ्या पाठाचे निरीक्षण आहे. विस्कळीत वर्ग दाखवून माझा शेरा बिघडवायचा, एवढाच हेतू. मी रुपाला त्या जागी बसवले. वर्गातली सर्वांत बडबडी मुलगी. तिलाही शिस्त लागेल.

गुरुवार, ११
रुपा त्यानंतर बोललेलीच नाही. वाचन घेतले. आठवा धडा खणखणीत. नवव्यातला एक शब्दही वाचता येईना. सोमवारी तिने बारावा वाचला होता. गुरुजींचा चेहरा उतरला. यमू भट्टीवर गेली, तेव्हा वर्गात आठवाच चालू होता म्हणे. हे नाटक रुपाला कोणी पढवले? तिचे तळवे विटेच्या भुकटीने लाल. मी स्वतः साबणाने धुतले. पुन्हा लाल.

शुक्रवार, १२
पाठ रद्द. रुपाची आई पारू आली. मुलगी तिला ओळखत नाही. भट्टीवरच्या आईकडे न्या, म्हणते. "माझी पोर व्हती तशी द्या, बाई. तुमचा शिकवना तुमच्यापाशी ठेवा."
मी रुपा म्हणून हाक मारली — ढिम्म. यमू म्हणाले — "हजर, बाई."
तेव्हा कुठे गुरुजी बोलले. भट्टीवर विटांची रास कोसळली. यमू खालीच गेली — पंधरवडा झाला. त्यांनी मुलांना सांगितले नव्हते.
मुले म्हणतात, यमू तर रोज येत होती.

शनिवार, १३
रुपा उठत नाही. आम्ही दोघांनी ओढले. एवढीशी पोर — जागची हलत नाही. पारू दारात ऊर बडवते आहे.
जिवली म्हणते, जिनं बसवली तिनंच तिथं बसायचा, तर रुपा सुटंल. भाकडकथा. की माझी फजिती करण्याचा — पण रुपाचे डोळे —
मी बसते.

शनिवार, नंतर
रुपा उठली. आईला बिलगली. बडबडते आहे, थांबतच नाही. बरे झाले —
मला उठता —
गुरुजी हजेरी घेत आहेत. माझ्यावरून नजर गेली, थबकली. सारिका बाई घरी गेल्या का, असे त्यांनी जिवलीला विचारले. मी इथेच — त्यांच्यासमोर —
मुख्याध्यापकांनी उत्तर द्यावे: मला कोणत्या नावाने हाक मारणार? लेखीच द्यावे. यमू म्हणून तोंडी हाक मारली, तर मी ओ दे—