गच्चीवरचा सॅटेलाइट फोन

१० मार्च २००९, मंगळवार, अबू धाबी

वाळवंटात सर्व्हेला जाणाऱ्या आमच्या ऑफिसातल्या दोघांसाठी आज सॅटेलाइट इंटरनेटचा सेट निवडायचा होता. मागच्या महिन्यात त्यांची गाडी वाळूत रुतली आणि दिवसभर आम्हाला पत्ताच नव्हता. विक्रेत्या हनीफभाईंनी ऑफिसच्या गच्चीवर दोन सेट मांडले. एक वहीएवढा, हलका, फक्त इंटरनेटचा. दुसरा जड, पण फोनवाला.

"मॅडम, किसी को भी कॉल करके देखो."

कोणाला करू? नोकरी गेल्यापासून सुधीर लेकीला घेऊन पुण्यात आहे. ऑफिसच्या वेळात माझा फोन गेला तर त्याला वाटेल, हिचीही गेली. शेवटी खलिफा सिटीतल्या आमच्याच फ्लॅटचा नंबर फिरवला. रिंग वाजत राहिली. मी ऐकत राहिले. का ऐकत होते? उचलणार कोण होतं तिथे?

"घर पे कोई नहीं?"

"बाहर गये हैं," मी म्हटलं. आता लिहितानाही ती रिंग कानात आहे.

साहेबांना हलका सेट हवा होता. मी जडच लिहून दिला. त्या दोघांना तिथून घरी बोलता येईल. कारणाच्या रकान्यात मात्र 'आणीबाणीसाठी' एवढंच लिहिलं.