ओट्यावरची तीन सुखे आणि गीताबाईचे घर

॥ श्री ॥

मी, सुंदरराव वल्द अर्जुनराव थोरात, वय सुमारे सत्तर (आई सांगे, तू दुष्काळाच्या आधीचा, कोणत्या दुष्काळाच्या, ते विचारायचे राहिले), धंदा शेती, राहणार मौजे नांदूरघाट, जिल्हा बीड, मुलूख निजाम सरकारचा, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे, सकाळी दीड भाकरी खाल्ली आहे, कुणाचा दाब नाही, नशापाणी नाही. तंबाखूची चिमूट त्यात धरू नये. अक्षर माझेच आहे. पुराणिकबोवांच्या समोर बसून पोथी पाहत मी शिकलो, त्यामुळे पहिली दोन वर्षे मला अक्षरे उलटीच वाचता येत. आता सुलटी येतात. खाडाखोड दिसली तर ती हाताची समजावी, मनाची नव्हे.

कलम पहिले. तीन खणांचे माळवदाचे घर, पुढचा ओटा, मागचा परडा व त्यातला शेवगा, हे सर्व मी स्वकष्टाने केलेले आहे, वडिलार्जित नाही. ते माझी सून गीताबाई, कैलासवासी चिरंजीव त्रिंबकची बायको, हिला मालकीण म्हणून दिले आहे. कारण लिहितो.

लग्न नवे होते तेव्हा मी शेतातून आलो की कुरकुर करी. माझी बायको मुक्ताबाई एकदा ताट हातात धरून उभी राहिली. म्हणाली, "माझे कान किटले. आधी आजच्या तीन चांगल्या गोष्टी सांगा, मग जेवा." भुकेल्या माणसाला लवकर सापडतात. मला दोन सापडल्या; तिसरी म्हणून तिच्या ठेच्याचे नाव घेतले, तो अजून चाखलाही नव्हता. तेव्हापासून रोज दिवेलागणीला ओट्यावर बसून तीन सुखे मोठ्याने सांगायची आणि देवाला हात जोडायचे, ही घरची रीत झाली. समोरच्या ओट्यावरून भगवानराव, माझा लहानपणापासूनचा सोबती, ओरडे, "सुंदऱ्या, आज काय घावलं बे?"

"लिंबाखाली वारा लागला."

"वारा काय तुझ्या एकट्याच्याच दारी येतो?"

"समद्यांच्या दारी येतो. तू कवाड लावून बसतो."

पुढे मुक्ताबाई गेली. तीन वर्षांमागे मानमोडीच्या साथीत त्रिंबक गेला. मी ओट्यावर बसणे सोडले. दीड महिना जेवून भिंतीकडे तोंड करून पडत होतो. एका संध्याकाळी गीताबाईने ताट ठेवले, पण हात काढला नाही. म्हणाली, "मामंजी, रीत हाय ना घरची? आज मी सांगते. भाकर टम्म फुगली. शेळीनं दूध चोरलं न्हाई." तिसरी तिला सापडेना. मग मीच म्हणालो, "शेवग्याला फुलं आली."

"मला सकाळीच दिसली व्हती," ती म्हणाली. "तुमच्यासाठी ठेवली."

घर तिला देण्याला एवढे कारण मला पुरते. कचेरीत कमी पडल्यास भगवानरावाला विचारावे.

कलम दुसरे. वडिलार्जित शेत पुतण्या रामहरी याचे. त्यात माझा हात नाही. पोराचे मन वाईट नाही, घाई वाईट आहे. मी ओट्यावर बसलेलो असताना त्याने माझा ओटा दोरीने मापला. म्हणाला, "नाना, पाय जरा वर घ्या." मी घेतले. ती दोरी मी वळलेल्या अंबाडीची होती. ती त्याला दिली आहे. ओटा दिलेला नाही.

कलम तिसरे. शेळी गीताबाईची. सुतळी कातायचा माझा ढेरा भगवानरावाने पंधरा वर्षांमागे मागून नेला आहे. तो त्याला दिला, म्हणजे त्याला माझ्या दारावरून मान खाली घालून जावे लागणार नाही. मडक्यात साठवलेला पैसा असेल तो तेराव्याला जेवणावर खर्चावा. माझे गुण कुणी गाऊ नयेत. पान वाढण्याआधी प्रत्येकाने त्या दिवसाची तीन सुखे सांगावी. रामहरीने एक सांगितले तरी त्याला वाढावे.

कलम चौथे, आणि हे नीट वाचावे. आमच्या भावकीत विधवेने पाट लावला, म्हणजे दुसरा नवरा केला, की ती मोकळ्या हाताने पहिल्या नवऱ्याच्या घरातून निघते. तवासुद्धा मागे राहतो. रामहरी पारावर तेच बोलत असतो. "उद्या तिनं पाट लावला की घर आपसूक आपलंच हाय." तर लिहून ठेवतो की गीताबाईने पाट लावला तरी घर तिचेच राहील. तिचा धनी इथे राहायला आला तर त्याला ओट्यावर बसू द्यावे. पाट अंधारात, कुणाच्या नजरेला न पडता लावतात. हिचा माझ्या अंगणात, उन्हात लावावा. बापाच्या जागी मी बसेन. मी नसलो तर भगवानराव.

हे कलम तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "कावून लिवता हे? मी कुठं जायला निघाले?"

मी म्हणालो, "राहायचं तर कुणी हाकलू नये, अन् जायचं तर कुणी अडवू नये, म्हणून."

ती चुलीकडे गेली. नाही म्हणाली नाही.

कलम पाचवे. हे तिला वाचून दाखवलेले नाही. मागे सिरसाळ्याच्या बाजाराला गेलो होतो तेव्हा एक हिरवे लुगडे आणले. पेटीत आहे, घोंगडीच्या खाली. दुकानदाराने कुणासाठी म्हणून विचारले; मी लेकीसाठी म्हणालो. रंग पसंत पडला नाही तर बदलून देईन असे तो बोलला आहे, मात्र घडी मोडायच्या आत.

येणेप्रमाणे लिहिले, ते मला मान्य आहे.

सही: सुंदरराव वल्द अर्जुनराव थोरात, दस्तुर खुद्द

साक्षीदार:
१. राधाकिशन पुराणिक, दस्तुर खुद्द
२. शहादेव वल्द मोहनराव, निशाणी डाव्या अंगठ्याची

मुक्काम नांदूरघाट. मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शके १८४३, फसली सन १३३१.